दातेरी चाकूचा खटका

ताडपत्रीवाल्या दोघा भावांतल्या थोरल्यांना आवाज नव्हता. म्हणजे मुके नव्हते बिचारे. पण ते बोलायला तोंड उघडीपर्यंत समोरच्याचं बोलून, पाणी पिऊन, चपला घालून झालेलं असायचं. लहानपणी वडील ओरडायचे ते त्यांनी ऐकून घेतलं, मोठेपणी गिऱ्हाइकं ओरडायची तेही ऐकून घेतलं, आणि ओरडायला कोणी नसेलच तर धाकटा भाऊ होता. त्यांचं ‘गोणपाट’ हे नाव धाकट्यानेच पाडलेलं. “काहीही कोंबा, कितीही आपटा, आवाज म्हणून नाही,” असं तो चारचौघांत सांगायचा आणि त्यावर सगळ्यांच्या आधी थोरलेच हसायचे.

त्यांची बायको, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, तेवढी हसत नसे. माणसात इतकं भरत राहिलं तर ते कुठल्या तरी शिवणीतून बाहेर येणार, असं तिला वाटायचं. कुठल्या, ते मात्र कळत नव्हतं.

खाली दुकान, वर घर; घरात दोघे भाऊ, वहिनी आणि थोरल्यांची शाळकरी मुलगी. दुकानात ट्रकच्या ताडपत्र्या, टेम्पोचे पडदे, बाजारातल्या गाळ्यांची छपरं. थोरले कापायचे, वहिनी जाड सुईच्या मशीनवर मेण लावलेल्या दोऱ्याने कडा शिवायची, आणि धाकटा कड्या ठोकायचा, गिऱ्हाईक सांभाळायचा. कापायला वडिलांच्या वेळची लाकडी मुठीची सुरी होती. जाड दोरखंडात किंवा चारपदरी कापडात ती अडकली की थोरले मूठ घट्ट धरायचे आणि म्हणायचे, “मार.” धाकटा पात्याच्या पाठीवर लाकडी मोगरीचा एक ठोका द्यायचा. सुरी आरपार. वडिलांनी दोघांना ते शिकवलं तेव्हा धाकट्याला मोगरी दोन्ही हातांनी उचलावी लागायची. दोघे कितीही भांडले तरी ‘मार’ आणि ठोका यांत कधी अंतर पडलं नाही. विचार न करता, मान वर न करता व्हायचं ते.

तर असे हे थोरले एक दिवस लोखंडी कड्या आणायला जुन्या बाजारात गेले आणि येताना स्वतःच्या मनाने चाकू घेऊन आले.

घडीचा होता. मिटलेला असताना चष्म्याच्या घराएवढा, काळा, जड. उघडला की पातं हाताच्या पंजाहून लांब, आणि त्याला टोकापासून बुडापर्यंत दात. साधे नाहीत, लाटांसारखे, दोन लहान एक मोठा, दोन लहान एक मोठा. अंगठ्याने पातं वर ढकललं की ते गर्रकन फिरायचं आणि शेवटी वाजायचं: खट.

“दादा, हा चाकू आहे की मगरीचा जबडा?” धाकटा म्हणाला. “भाजी आणायला जाताना घेऊन जा. भाजीवाला स्वतःच पिशवी भरून देईल.”

थोरले या खेपेला हसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला एक भिजका दोरखंड उचलला, ज्यावर सुरी नुसती घसरत राहायची, आणि त्यावर पातं टेकवून एकदा ओढलं. दातांनी दोर धरला, फाडला, सोडला. धाकट्याच्या तोंडून “आयला!” निघून गेलं.

खोटं कशाला बोला, वहिनीलाही तो सुरुवातीला आवडला. ट्रकवर चढताना दोन्ही हात मोकळे राहायचे, चाकू मिटून खिशात. सुरीला दर आठवड्याला धार लागायची, याला महिनोन्‌महिने नाही. दात बोथट झाले तरी ते करवतीसारखे ओढून कापत. आणि थोरल्यांनी तिला आतला खटका दाखवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने लग्नानंतर फारसं पाहिलं नव्हतं.

“हे बघ. पातं उघडलं की ही आतली पोलादी पट्टी बाजूला सरकते आणि पात्याच्या बुडाला टेकते. टेकली की खट. मग पातं मागे येत नाही. मिटायचं असलं की पट्टी अंगठ्याने दाबायची.”

“आणि पट्टी दाबली की पातं कुठं येतं?”

“इथं.”

“म्हणजे बोटांवर.”

“बोटं काढायची ना वेळेवर,” थोरले म्हणाले. त्यांच्या मानाने हे फार मोठं भाषण झालं होतं.

मग हळूहळू त्याचे दुर्गुण दिसायला लागले, आणि ते आधी शिवणाऱ्यालाच दिसणार. दातेरी पात्याने कापलेल्या कापडाची कड सरळ येईना. सुतं लोंबत, कड कुरतडल्यासारखी दिसे, टाका धरेना. वहिनीला दुहेरी दुमड घालावी लागे. तिने सांगितलं, “कापडाला सुरीच वापरा हो, हा दोरालाच ठेवा.” थोरले बरं म्हणाले आणि कापडालाही चाकूच वापरत राहिले. सायकलवर फिरणारा धारवाला आला तेव्हा तिने चाकू पुढे केला. त्याने तो नुसता हातात फिरवला आणि परत दिला. “बाई, माझं चाक लावलं तर दात सपाट होतील. याचे दात एकेक करून घासावे लागतात. हे काम माझं नाही. आणि एक सांगू? घरात लेकरू आहे ना? वर ठेवा हे.”

पण खरी गोष्ट होती त्या आवाजाची.

एका टेम्पोवाल्याचा पडदा वेळेवर झाला नव्हता. तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून थोरल्यांना वाटेल ते बोलत होता. थोरले नेहमीप्रमाणे खाली मान घालून दोरा सोडवत होते. मध्येच त्यांनी खिशात हात घातला. खट. दोरा कापायचा होता, बाकी काही नाही. पण टेम्पोवाल्याचं वाक्य तिथंच तुटलं. त्याने पात्याकडे पाहिलं, मग थोरल्यांकडे पाहिलं, आणि म्हणाला, “बरं, मग उद्या येऊ का?”

थोरल्यांनी मान वर केली. आपल्याला बघून कोणी गप्प झालंय ही गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. ती ध्यानात आल्याचं मात्र वहिनीला मशीनवरूनही दिसलं.

त्यानंतर खट वारंवार वाजू लागलं. समोरच्या दुकानातला चष्मेवाला चेष्टा करायला आला की खट. वीज खात्याचा माणूस आला की खट. थोरले तो कोणावर कधी उगारत नव्हते, नखाखालचं मेण काढत, फळ सोलत, काहीच नाही तर उघडत आणि मिटत. फळ सोलून मुलीपुढे धरलं तर ती म्हणायची, “बाबा, ते मिटा ना आधी.” आधी ती त्यांच्या मांडीला टेकून अभ्यास करायची. आता आईच्या मशीनखाली जाऊन बसू लागली.

त्यातच धाकट्याला बोलावणं आलं. दूरच्या एका शहरात तयार प्लास्टिकच्या ताडपत्र्यांचा कारखाना होता, त्यांना कड्यांच्या विभागावर देखरेखीला माणूस हवा होता. राहायला खोली, अंगावर स्वच्छ कपडे, वर पंखा. धाकटा हरखून गेला. आणि आयुष्यात पहिल्यांदा थोरल्यांनी एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं.

“वडिलांचं दुकान आहे.”

“तुझं आहे, दादा. मी कुठं मागतोय?”

“दोघांचं काम आहे हे. एकट्याचं नाही.”

“माणूस ठेव.”

“माणूस म्हणजे भाऊ नाही.”

“अरे, मग मी काय जन्मभर इथं मोगरी घेऊन उभा राहू? गोणपाटाच्या शेजारी सुतळी?”

खट.

दोघेही थांबले. थोरल्यांच्या हातात उघडं पातं होतं आणि समोर कापायला ना दोर होता ना कापड. धाकटा हळू आवाजात म्हणाला, “ते कशाला काढलंस?” थोरल्यांनी पात्याकडे असं पाहिलं, जसं ते दुसऱ्या कोणी त्यांच्या हातात ठेवलंय. मग मिटून खिशात टाकलं.

त्या दिवसापासून वहिनीचा जीव टांगणीला लागला. भावाभावांत खटके कुठल्या घरात उडत नाहीत? पण तिच्या घरात खटका आता खिशात होता. जिन्यावर असो, पाणी भरत असो, तिचा एक कान खाली. आवाज चढले की ती काहीतरी निमित्त काढून खाली जाई आणि दोघांच्या मधून चालत जाई. एवढंच सुचायचं तिला. चाकू लपवून पाहिला, तर थोरल्यांनी सगळं घर उलटंपालटं केलं आणि मुलीला विचारताना त्यांचा आवाज असा काही निघाला की वहिनीने स्वतःच तो पिठाच्या डब्यामागून काढून दिला.

हत्यारं साफ करायचं काम तिचं. सुट्टीच्या दिवशी ती कात्र्या, सुरी, सुया, सगळं फडक्यावर मांडायची, ब्रशने झाडायची, तेल लावायची. पहिल्यापासून चाकूही त्यातच असायचा. दोऱ्याचं मेण आणि कापडाची तुसं त्याच्या खोबणीत बसत, ती तिला टाचणीने कोरून काढावी लागत. एका आठवड्यात मुलीच्या तापामुळे राहून गेलं. पुढच्या दिवसांत तिच्या कानाने टिपलं की आवाज बदललाय. खट नाही, खुट. ओल्या लाकडावर थापटल्यासारखं. आणि तिला असंही दिसलं की चष्मेवाला बोलत असताना थोरल्यांनी चाकू उघडला, खुट वाजलं, आणि चष्मेवाला बोलतच राहिला.

पुढच्या सुट्टीला तिने कात्र्या पुसल्या, सुरी पुसली, सुया पुसल्या. चाकू हातात घेतला. खोबणीत काळपट मेणाचा थर होता. पट्टी पुरती सरकत नव्हती, बुडाच्या कडेला जेमतेम टेकत होती. तिने तो वरून पुसला आणि तसाच ठेवला. आवाज मेला की हौस मरेल, असा तिचा हिशेब. त्या आवाजाला दुसराही अर्थ आहे, पट्टी बसल्याची ती खूण आहे, हे तिला नवऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलेलं आठवत असूनही माणूस न आठवल्यासारखं वागू शकतो.

“हल्ली हा नीट वाजत नाही गं,” थोरले एकदा म्हणाले.

“जुना झाला असेल,” ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

धाकट्याचं जायचं ठरलं. बॅग निघाली, कपडे धुऊन झाले. शेवटचं एक मोठं काम तेवढं होतं, एका मालट्रकची जुनी ताडपत्री, जिचे दोर कड्यांत वर्षानुवर्षं बसून लोखंडासारखे कडक झाले होते. सकाळपासून दोघे त्यावर वाकले होते. वहिनी मशीनवर. दोघांत बोलणं नव्हतं, आणि तिला ती शांतताही बरी वाटत नव्हती.

थोरल्यांनी चाकू उघडला. खुट. दोरावर पातं टेकवलं, ओढलं. निम्म्यापर्यंत गेलं आणि दात अडकले. पुढे जाईना, मागे येईना. थोरल्यांनी मूठ घट्ट धरली. क्षणभर थांबले. वहिनीने मान वर केली ती त्या थांबण्यामुळे.

“मार,” थोरले म्हणाले.

धाकट्याचा हात मोगरीकडे गेलाच होता. सुरी की चाकू, हे त्याच्या हाताला कुठं ठाऊक! ठोका पात्याच्या पाठीवर टोकाशी बसला. दोर तुटला, आणि धरून ठेवायला काहीच नसलेलं पातं तसंच फिरून खाली आलं, मुठीत मिटलं. मुठीत थोरल्यांची बोटं होती.

थोरले ओरडले नाहीत. धाकटा मात्र ओरडला, सगळी गल्ली गोळा होईल इतका.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. “सरळ पात्याने कापलं असतं तर शिवायला सोपं होतं. हे फाटलंय. दोन बोटांच्या आतल्या दोऱ्या तुटल्यात. जोडल्यात, पण ती पूर्वीसारखी मिटतील असं धरून चालू नका.” मग पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत त्यांनी विचारलं, “कसं झालं?”

धाकटा भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. वहिनीने तोंड उघडलं, पण त्याआधी थोरले बोलले. कधी नव्हे ते आधी बोलले.

“भावाने मारलं.”

“मोगरी!” वहिनी म्हणाली. “मोगरी मारली, दोर तोडायला.”

“हो, मोगरी,” थोरले म्हणाले. पण पहिलं वाक्य कंपाउंडरने ऐकलं होतं, बाहेर थांबलेल्या चष्मेवाल्याने ऐकलं होतं, आणि ते त्यांच्या आधी गल्लीत पोचलं. धाकटा रस्त्याने जाऊ लागला की बाया मुलांना आत घेत. चष्मेवाला म्हणे, “भांडत होतेच हो. मी रोज ऐकायचो.”

धाकट्याने बॅग परत माळ्यावर टाकली. सकाळी उठून तो भावाच्या बुटांच्या नाड्या बांधायचा, ताट वाढलं की घास करून द्यायचा, मग खाली जाऊन दोघांचं काम एकटा ओढायचा. ‘गोणपाट’ हा शब्द त्याने परत काढला नाही. थोरले खुर्चीत बसून सांगायचे, तो ऐकायचा. थोरल्यांचा आवाज आता दुकानाबाहेरही यायचा.

 एक दिवस मुलगी शाळेत गेली आणि धाकटा खाली होता, तेव्हा वहिनी नवऱ्यासमोर जमिनीवर बसली.

“अहो, त्यात भावजींची काही चूक नाही. मी तो चाकू साफ केला नव्हता. विसरले म्हणून नाही. मुद्दाम. तो वाजू नये म्हणून.”

तिला वाटलं, आता काहीही होईल. थोरले खिडकीबाहेर बघत होते.

“माहीत होतं,” ते म्हणाले.

“काय माहीत होतं?”

“पट्टी बसली नव्हती ते. रोजचं हत्यार आहे, अंगठ्याला कळतं.”

“मग ‘मार’ का म्हणालात?”

थोरल्यांनी बँडेजमधला हात मांडीवर नीट ठेवला. “थोडं लागेल वाटलं होतं. दोन टाके, फार तर तीन. त्याच्या हातून लागलं तर तो जाणार नाही, असं वाटलं.” थांबून ते म्हणाले, “नाही गेला.”

 ज्या पात्याची वहिनीला सतत भीती होती ते धाकट्याच्या दिशेनेच येणार, हे तिला बरोबर कळलं होतं. फक्त ते असं येईल हे कळलं नव्हतं.

“त्यांना सांगायला हवं.”

“सांग की,” थोरले सावकाश म्हणाले. “काय सांगशील? मुद्दाम साफ केला नाही, हे पण सांगशील ना? मग तो माझ्याकडे नंतर बघेल, आधी तुझ्याकडे बघेल. गप्प राहा. घर जागेवर आहे.”

ती गप्प राहिली. मशीनवर बसायची तेव्हा मागे धाकट्याच्या कड्या ठोकण्याचा आवाज तिच्या पाठीवर पडायचा. तो पूर्वी काम करताना शीळ घालायचा. दुपारी जेवायला वर यायचा तेव्हा आधी दारातून भावाच्या हाताकडे बघायचा, मगच आत पाऊल टाकायचा. कारखान्यातून त्याला फोन येत, तो उचलत नसे.

शेवटी एका दुपारी तो फोन वाजत असतानाच वर आला आणि त्याने तो वहिनीपुढे धरला.

“वहिनी, तूच सांग त्यांना. येत नाही म्हणून सांग. माझ्याच्याने बोलवत नाही.”

फोन तिच्या हातात वाजतच होता. खुर्चीतून थोरले तिच्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती, आणि रागापेक्षा त्या विनवणीचीच तिला जास्त भीती वाटली. फोन वाजून वाजून बंद पडला.

“भावजी, बसा,” ती म्हणाली.

“मला काम आहे गं खाली.”

“काम राहू दे. बसा म्हणते ना.”

तिने सगळं सांगितलं. आधी स्वतःचं सांगितलं, मेण, टाचणी, ‘जुना झाला असेल’, सगळं. मग नवऱ्याचं. सांगताना ती थोरल्यांकडे पाहत राहिली, म्हणजे ते कुठं चुकलं तर दुरुस्त करतील. त्यांनी काही दुरुस्त केलं नाही. एकदा फक्त म्हणाले, “थोडंच लागेल वाटलं होतं रे.”

धाकटा ओरडला नाही. त्याने मोरीत जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून, पुन्हा साबण लावून. टॉवेल नीट घडी करून ठेवला. माळ्यावरून बॅग काढली, तिच्यावरची धूळ झटकली.

“दादा, खाली ट्रकची ताडपत्री निम्मी झाली आहे,” तो म्हणाला. “तुम्ही कोणी माणूस बघा.”

थोरल्यांचं तोंड उघडं राहिलं. पाठच्या भावाने त्यांना जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं.

“अरे, तुम्ही काय? मी दादा आहे तुझा.”

धाकटा बॅगची चेन ओढत होता. ती मध्येच अडकली, त्याने शांतपणे मागे घेतली, परत ओढली. मग तो वहिनीसमोर आला आणि त्याने हात पुढे केला. तिला वाटलं, नमस्काराला वाकतोय. ती अर्धवट उठलीसुद्धा.

“माझा फोन,” तो म्हणाला. “तुमच्या हातात राहिलाय.”